नवरात्राचे नऊ रंग आणि जगदंबेची दोन वस्त्रे

आश्विन शुद्ध प्रतिपदेला देवघरात काळी माती पसरली जाते, तीत सप्तधान्य पेरले जाते, मधोमध घट बसतो, घटावर पहिली माळ चढते आणि अखंड नंदादीप तेवू लागतो. या नऊ दिवसांत गृहिणीच्या मनात पूर्वापार काही ठरलेले विचार घोळत असत. माळेला आज कोणती फुले मिळतील? समईतील तेल रात्रभर पुरेल ना? सवाष्ण कोणास सांगावी, कुमारिका कोणाच्या घरची बोलवावी? गेल्या वीस-बावीस वर्षांत या प्रश्नांच्या रांगेत आणखी एक प्रश्न येऊन बसला आहे आणि पुष्कळ घरांतून तो सर्वांच्या आधी विचारला जातो : ‘आजचा रंग कोणता?’

रंग कळला की कपाट उघडते. त्या रंगाची साडी निघते, तिला साजेसे पोलके, बांगड्या, टिकली, सर्व काही जमवले जाते. कचेरीत, बँकेत, शाळेत, देवळाच्या पायऱ्यांवर मैत्रिणी एका रंगात उभ्या राहतात. मोबाईलवर छायाचित्र निघते आणि ते घटकाभरात व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम यांवरून गावोगाव, इतकेच काय, सातासमुद्रांपलीकडील लेकीसुनांपर्यंत जाऊन पोहोचते.

कीर्तन आटोपून आरतीचे तबक फिरू लागले, की माता-भगिनी आम्हांला तीन प्रश्न हमखास विचारतात. या नऊ रंगांना शास्त्राचा आधार आहे काय? नसल्यास ते नेसणे सोडून द्यावे काय? आणि नेसायचेच तर नऊ दिवसांच्या नऊ साड्या आणायच्या कोठून? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, दुसऱ्याचे थोडे नाजूक आहे. तिसरा प्रश्न मात्र दबक्या आवाजात विचारला जातो आणि आमच्या मते तोच खरा महत्त्वाचा आहे. तिन्हींचा विचार येथे क्रमाने करू.

शास्त्र काय सांगते?

नवरात्राचा विधी सांगणारे ग्रंथ आपल्याकडे थोडे नाहीत. काशीच्या कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ चा, तर पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्याय यांचा ‘धर्मसिंधु’ १७९० चा. महाराष्ट्रातील व्रतवैकल्यांचा व्यवहार मुख्यत्वे या दोन ग्रंथांवर चालत आला. घटस्थापना कोणत्या वेळी करावी, प्रतिपदेचा निर्णय कसा करावा, उपवासाचे प्रकार कोणते, सप्तशतीचा पाठ, कुमारीपूजन, होम, बलिदान आणि उत्थापन यांचा काटेकोर ऊहापोह त्यांत आहे. पूजा करणाऱ्याने अमक्या दिवशी अमक्या रंगाचे वस्त्र नेसावे, असा नऊ दिवसांचा क्रम मात्र त्यांत नाही.

सप्तशतीपाठापूर्वी म्हटल्या जाणाऱ्या देवीकवचात शैलपुत्रीपासून सिद्धिदात्रीपर्यंत नवदुर्गांची नावे येतात. तेथेही दिवसांचे रंग नाहीत. सप्तशतीच्या तीन चरित्रांच्या ध्यानांत मात्र रंग अवश्य आहेत. महाकाली नीलमण्यासारखी, महालक्ष्मी पोवळ्यासारखी आणि महासरस्वती शरदातील चंद्रासारखी, असे ते वर्णन आहे. पण ही देवीच्या कांतीची वर्णने होत. ती साधकाच्या डोळ्यांपुढे रूप उभे राहावे म्हणून आहेत, भक्ताच्या पेहरावासाठी नाहीत.

मग हे नऊ रंग आले कोठून? या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईच्या मराठी वृत्तपत्रसृष्टीत त्यांचा उदय झाला. रोजचा रंग छापायचा, त्या रंगात नटलेल्या महिलांची छायाचित्रे मागवायची आणि दुसऱ्या दिवशी ती पानभर प्रसिद्ध करायची, ही कल्पना लोकांनी उचलून धरली. मुंबईच्या लोकलगाड्यांच्या महिला डब्यांतून ती उपनगरांत गेली, कचेऱ्यांतून घरांत आली आणि मोबाईल हाती आल्यावर तिला छापील पानाचीही गरज उरली नाही. या रंगांना धर्मशास्त्राचा आधार नाही, हे पंचांगकर्ते दा. कृ. सोमण यांनीही वेळोवेळी स्पष्ट केले आहे.

रंगांचा क्रम पाहिला म्हणजे त्यामागील युक्ती ध्यानात येते. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी करडा आणि रविवारी नारिंगी, हे सात रंग वारांना बांधलेले आहेत. उरलेल्या दोन दिवसांसाठी गुलाबी, जांभळा व मोरपंखी यांतून दोन घेतले जातात. २०२४ मध्ये घटस्थापना गुरुवारी, ३ ऑक्टोबरला होती, म्हणून आरंभ पिवळ्याने झाला. २०२५ मध्ये ती सोमवारी, २२ सप्टेंबरला होती, म्हणून पांढऱ्याने झाला. ज्योतिषात चंद्र शुभ्र, मंगळ तांबडा आणि गुरू पीतवर्ण मानला आहे, त्यामुळे तीन वारांचे रंग ग्रहांशी जुळतात. परंतु बुधाचा वर्ण हिरवा असताना बुधवारी निळा सांगितला जातो आणि शुक्राचा वर्ण शुभ्र असताना शुक्रवारी हिरवा. यावरून ही योजना कोणा शास्त्र्याने केलेली नाही, हे उघड होते. तीमागे हौस आहे, आणि हौसेला हौस म्हणण्यात कमीपणा नाही.

मग सोडून द्यावे काय?

दुसऱ्या प्रश्नाला आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे. शास्त्रात सांगितलेले नाही ते सर्व निषिद्ध ठरत नाही. लोकाचार म्हणून आपण कितीतरी गोष्टी आनंदाने करतो. भोंडल्याची गाणी कोणत्या सूत्रग्रंथात आहेत? हादग्याच्या खिरापती ओळखण्याचा खेळ कोणत्या स्मृतीने सांगितला? मुलीबाळींच्या आनंदाने सणाला शोभा येते आणि तो आनंद देवीला अप्रिय असण्याचे कारण नाही.

या नव्या आचारात एक गुणही आहे आणि तो मोठा आहे. आमच्या बालपणी वस्त्राच्या रंगावरून बाईचे नशीब वाचले जात असे. पती निधन पावला की ब्राह्मण घरांतून बाईच्या अंगावर तांबडे आलवण चढे आणि मरेपर्यंत उतरत नसे. इतर घरांतूनही हिरवी बांगडी, हळदकुंकू, ओटी, रंगीत लुगडे ही तिच्यापासून काढून घेतली जात. हा अन्याय अगदी कालपरवापर्यंत चालत आला. म्हणूनच कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या, तेव्हा त्या वार्तेने सारा महाराष्ट्र हलला. नऊ रंगांचा आचार शास्त्राच्या ओसरीवर जन्मला नाही, तो कचेरीत व आगगाडीत जन्मला. त्यामुळे त्याने कधी विचारले नाही की ही सवाष्ण आहे की नाही, हिची जात कोणती, हिला मूलबाळ आहे की नाही. शुक्रवारी हिरवा म्हटला की सर्वांना हिरवा. कित्येक भगिनींनी पतीच्या पश्चात प्रथमच हिरवे पातळ नेसले ते या निमित्ताने, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. एवढ्या एका पुण्यासाठीदेखील आम्ही या रिवाजाला नमस्कार करू.

परंतु ज्या दाराने सर्वजणी आत आल्या, त्याच दाराला आता एक नवा उंबरठा बसू लागला आहे. देवळाच्या पायऱ्यांवर बायकांचा मेळावा छायाचित्रासाठी उभा राहतो. पंधराजणी पिवळ्या साडीत असतात आणि एकीजवळ पिवळी साडी नसते. तिला कोणी ‘तू नको’ असे म्हणत नाही. तिच्या हाती मोबाईल दिला जातो आणि ‘जरा आमचा फोटो काढ ग’ असे प्रेमानेच सांगितले जाते. ती फोटो काढते. पहिल्या दिवशी तीच काढते, दुसऱ्या दिवशीही तीच काढते. नऊ दिवसांच्या नऊ छायाचित्रांत ती कोठेही नसते, कारण ती प्रत्येक वेळी मोबाईलच्या अलीकडच्या बाजूला असते. पुढच्या वर्षी एक तर ती हप्त्यावर साड्या घेते, नाही तर संध्याकाळी देवळात येणेच सोडते.

सुज्ञ वाचकांनी आपल्या मोबाईलमधील गेल्या वर्षीची छायाचित्रे एकवार पाहावीत आणि ती कोणी काढली होती, हे आठवून पाहावे. जगदंबेच्या अंगणातून तिची एक लेक साडीच्या रंगापायी परत जात असेल, तर उरलेल्यांच्या भरजरी शालूंचे तिला काय कौतुक वाटणार? शास्त्राने न घातलेले बंधन आपण घालावे आणि तेही ऐपतीचे, हा दोष मात्र धर्माच्या दृष्टीने खरा दोष आहे.

जगदंबेचा वस्त्रसंच

येथे सप्तशतीतील एक प्रसंग सांगणे उचित होईल. मार्कंडेय पुराणातील या तेरा अध्यायांच्या ग्रंथात, दुसऱ्या अध्यायात, सर्व देवांच्या तेजातून देवी प्रकटते. मग प्रत्येक देव तिला काही ना काही अर्पण करतो. शंकर त्रिशूळ देतात, विष्णू चक्र देतात, विश्वकर्मा परशू देतो, हिमालय वाहनासाठी सिंह देतो. आयुधे आणि अलंकार यांची ती यादी चांगली लांब आहे. त्या यादीत वस्त्रे किती आहेत? केवळ दोन. ती क्षीरसागराने दिली आणि त्यांचे वर्णन एकाच विशेषणाने केले आहे : ती कधी जुनी न होणारी आहेत.

या विशेषणापाशी आम्ही कीर्तनात नेहमी थांबतो. त्रिभुवनातील देव देण्यासाठी उभे असताना जगन्मातेचा वस्त्रसंच दोन वस्त्रांचा आहे. त्यांचा रंग ऋषींनी सांगितला नाही, मोल सांगितले नाही. टिकाऊपणा तेवढा सांगितला. थोडे असावे आणि टिकावे, हा वस्त्राचा पहिला गुण पुराणकर्त्याने मानला आहे.

नित्याच्या पूजेतही हेच दिसेल. षोडशोपचारांत आवाहनापासून मोजले असता सातवा उपचार वस्त्राचा. त्यासाठी आपण काय वाहतो? कापसाची, कुंकवाने टिकल्या दिलेली वस्त्रमाळ. घरच्या आजीने दुपारच्या वेळी वळलेला तो कापूस देवाला पीतांबराच्या जागी चालतो. अलंकार नसले तर अक्षता वाहण्याची मोकळीक परंपरेने ठेवली आहे. शुद्ध बीजेच्या कोवळ्या चंद्राला आपल्या बायका पदराची एक दशी काढून वाहतात आणि ‘जुनं घे, नवं दे’ म्हणतात. एक धागा त्या चंद्रदेवाला वस्त्र म्हणून पुरतो. संस्कृतात ‘दशा’ म्हणजे वस्त्राची किनारीची सुते, त्याचीच मराठीत ‘दशी’ झाली. पूजकाच्या वस्त्राविषयी शास्त्राचा आग्रह आहे तो ते धुतलेले असावे, फाटके-मळके नसावे, एवढाच. ‘धोतर’ या शब्दाचे मूळदेखील ‘धौत’, म्हणजे धुतलेले, यातच सांगितले जाते.

यावर कोणी म्हणेल, ‘बुवा, मग देवळांतून देवीला रोज नवा शृंगार का?’ प्रश्न रास्त आहे. सप्तशृंगगडावरील अष्टादशभुजा मूर्तीला अकरा वार साडी आणि चोळीसाठी तीन खण लागतात. कोल्हापूरच्या अंबाबाईला नवरात्रात तिरुपतीहून मानाचा शालू येतो आणि रोज वेगळ्या रूपात तिची पूजा बांधली जाते. तुळजापूरला रथालंकार, मुरली, शेषशायी, भवानी तलवार, महिषासुरमर्दिनी अशा अलंकार महापूजा होतात आणि सीमोल्लंघनाच्या वेळी मूर्तीभोवती एकशेआठ साड्या गुंडाळल्या जातात. हा सारा थाट खरा आहे, परंतु त्यात एक मर्म आहे. तेथील प्रत्येक शृंगार एक कथा सांगतो. भवानी तलवार अलंकार पाहिला की शिवछत्रपतींची आठवण होते. मुरली पाहिली की गोकुळ डोळ्यांपुढे येते. आणि तो शृंगार सर्वांसाठी असतो, पायरीवर बसलेल्या भिकाऱ्याचाही त्यावर तितकाच हक्क असतो. ज्या नटण्यात कथा आहे आणि जे सर्वांना सामावून घेते, ते नटणे पूजाच होय.

कपाटाच्या भरलेपणाविषयी आपल्या लोककथेत एक मार्मिक प्रसंग आहे. व्यासांच्या महाभारतात तो नाही, पण मराठी मुलुखात घरोघरी ठाऊक आहे. श्रीकृष्णाचे बोट कापले आणि रक्त वाहू लागले. सुभद्रा चिंधी शोधू लागली. तिच्या पेट्या महावस्त्रांनी भरलेल्या, त्यामुळे त्यांत फाडण्याजोगे काही सापडेना. द्रौपदीने क्षणाचाही विचार न करता अंगावरच्याच भरजरी वस्त्राचा पदर फाडला आणि बोट बांधले. भरलेल्या पेट्या प्रसंगी रित्या ठरल्या आणि अंगावरचे एक वस्त्र पुरून उरले. कोणाजवळ किती होते, याचा हिशेब तेथे कोणी केला नाही. कोणी काढून दिले, एवढेच लोकांनी लक्षात ठेवले.

थोड्या वस्त्रांत नऊ दिवस

आता तिसरा प्रश्न. पाश्चात्त्य देशांत ‘कॅप्सूल वॉर्डरोब’ नावाची एक कल्पना गेल्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. एकमेकांशी जुळणारी मोजकी वस्त्रे ठेवावीत आणि त्यांच्या अदलाबदलीतून अनेक पेहराव साधावेत, असा तिचा आशय. न्यूयॉर्कच्या डोना करन या वेशकार बाईंनी १९८५ साली अशा सात वस्त्रांचा संच मांडून मोठी कीर्ती मिळवली. आमच्या नातवंडांच्या पिढीला हे नाव नवलाचे वाटते. कीर्तनकाराला वाटत नाही. दोन धोतरे, एक अंगरखा, दोन उपरणी आणि एक पगडी एवढ्या सामग्रीवर नारदीय परंपरेतील कीर्तनकारांच्या पिढ्यान् पिढ्यांनी सगळे उत्सव निभावून नेले. पूर्वरंगाला जे उपरणे खांद्यावर असते, तेच उत्तररंगात आख्यान रंगले की कधी द्रौपदीचा पदर होते, कधी सुदाम्याच्या पोह्यांची पुरचुंडी होते.

गृहिणीच्या ट्रंकेतही हा संच बहुधा आधीच असतो. आपल्या संस्कारांनीच तो जमवून ठेवलेला असतो. विवाहातील पिवळे वस्त्र गुरुवारी निघावे. ओटीत आलेली किंवा डोहाळजेवणाची हिरवी साडी शुक्रवारी. लग्नातील वा मंगळागौरीची लाल साडी मंगळवारी. सोमवारी पांढऱ्या वा दुधी रंगाचे सुती पातळ. बुधवारी निळे इरकल किंवा नारायणपेठी, जे बहुतेक घरांत आई वा सासूकडून आलेले असते. म्हणजे पाच वार विकत काही न आणता पार पडले.

अडचण येते ती शनिवारच्या करड्याची, कारण सणासुदीसाठी राखी साडी कोणी घेऊन ठेवत नाही. त्यासाठी काळ्या-पांढऱ्या बारीक चौकड्यांचे जुने पातळ शोधावे. चार हातांवरून त्या चौकडीचा रंग करडाच दिसतो. मोरपंखी दिवसासाठी धूपछाव साडी उपयोगी पडते. तिचे उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे असतात. हिरवा आणि निळा यांच्या विणीतून मोरपंखी झाक उठते, आणि प्रकाश बदलला की तीच साडी बुधवारी निळ्यातही खपून जाते.

नारिंगी, गुलाबी आणि जांभळा यांसाठी साडीच नको. येथे एकच नियम धरावा : रंग साडीच्या अंगात असो, काठात असो, पोलक्यात असो की खांद्यावरील शेल्यात असो, तो दिसला की दिवस साजरा झाला. पिवळ्या साडीवर नारिंगी खणाची चोळी घातली की रविवार झाला. निळ्या साडीला गुलाबी काठ असेल आणि वर गुलाबी चोळी असेल, तर गुलाबी दिवस झाला. पांढऱ्या पातळावर जांभळा शेला पुरे. खणाची चोळी शिवण्यास कापड थोडे लागते, खर्च साडीच्या मानाने फारच कमी येतो आणि ती वर्षभर दहा साड्यांवर चालते.

हे जुळावे म्हणून घेतानाच दोन पथ्ये पाळावीत. पहिले असे, की काठांचे रंग शक्यतो एका कुळातले ठेवावेत. आपल्या जुन्या साड्यांना लाल किंवा जांभळट तांबडे काठ असण्याची रीत होती. तसे असले म्हणजे एकच तांबडे पोलके पांढऱ्या, पिवळ्या, हिरव्या आणि निळ्या अशा चार साड्यांवर शोभते. दुसरे असे, की जर एक तर सगळी सोनेरी असावी किंवा सगळी रुपेरी. मग दागिना एकच पुरतो. मुलींसाठी याहूनही सोपे. एक पांढरा झब्बा-सलवार आणि त्यावर रोज निराळी ओढणी. पुरुषांनी पांढरा सदरा तोच ठेवून उपरणे बदलावे.

सात रंग वारांना बांधलेले असल्याने ही तयारी एकदाच करावी लागते, हेही ध्यानात घ्यावे. दरवर्षी क्रम तेवढा फिरतो, रंग बहुतांशी तेच राहतात. सहा साड्या, चार चोळ्या आणि एक शेला एवढ्यावर दहा नवरात्रे निघतील. एक साडी हजार रुपयांची धरली, तर दरवर्षी नऊ हजारांचा भार घरावर पडतो. तो वाचला तर त्याच्या एका अंशात कुमारीपूजनाला आलेल्या मुलीला परकर-पोलके देता येईल. कुमारिकेला वस्त्र देऊन भोजन घालणे ही तर देवीपूजेची जुनी आणि सन्मान्य रीत आहे. आपण नेसलेला रंग देवी पाहील न पाहील, त्या मुलीने नेसलेला ती निश्चित पाहील.

छायाचित्राविषयी दोन शब्द

छायाचित्र काढण्यास आमचा विरोध नाही. दूरदेशी गेलेल्या लेकीला आईचे सणाचे रूप दिसावे, यात केवढा तरी जिव्हाळा आहे. ते दिवसा, अंगणात वा तुळशीवृंदावनापाशी काढावे. रात्री विजेच्या पिवळ्या दिव्यांत पांढरे पिवळट दिसते, जांभळ्याची निळ्याशी गल्लत होते आणि मग विनाकारण दुसरी साडी घ्यावीशी वाटते. गाभाऱ्यात मात्र मोबाईल बाहेर काढू नये. तेथे आपण पाहायला जातो, दाखवायला जात नाही.

छायाचित्राखाली रंगाचे नाव लिहिण्याऐवजी त्या वस्त्राची कथा दोन ओळींत लिहावी. ही आजीची, चाळीस वर्षांपूर्वीची. ही पहिल्या पगारातून घेतलेली. ही भावाने भाऊबिजेला घातलेली. ही अंबाबाईच्या प्रसादाची. असे लिहू लागले की साडी जितकी जुनी तितकी मानाची ठरते आणि तीच साडी पुढल्या वर्षी पुन्हा नेसण्याचा संकोच उरत नाही. देवळातील अलंकारपूजेतील जे मर्म वर सांगितले, ते घरातील पेहरावातही उतरते.

आणि सर्वांत महत्त्वाची सूचना अशी. नऊ दिवस रोज सर्वांनी एका रंगात यावे, या रिवाजात ज्यांच्याजवळ तो रंग नाही त्या गळतात. हाच क्रम उलटा करून पाहावा. गल्लीतील, वाड्यातील, सोसायटीतील महिलांनी अष्टमीला वा नवमीला एकच दिवस ठरवावा आणि त्या दिवशी नऊ रंगांपैकी ज्या रंगाचे वस्त्र जिच्याजवळ आहे, तिने तो रंग नेसून यावे. कोणाजवळ पांढरे असेल, कोणाजवळ हिरवे असेल. कपाट कितीही रिकामे असले तरी नऊ रंगांपैकी एक रंग प्रत्येकीजवळ निघतोच. कामाला येणारी मावशी, कोपऱ्यावरची भाजीवाली, शेजारची एकटी राहणारी आजी, या सर्वांना त्या ओळीत जागा आहे. नऊजणी उभ्या राहिल्या की नवरंगांची माळ आपोआप पूर्ण होते आणि एकही बाई वगळली तर ती माळ तुटते. आज जिच्या हाती मोबाईल देऊन तिला बाहेर ठेवले जाते, तिच्यावाचून त्या दिवशी छायाचित्रच पुरे होणार नाही. ते काढण्याचे काम त्या दिवशी एखाद्या पुरुषाने करावे. तेवढे त्याला नक्की जमेल.

घटाभोवती पेरलेल्या सप्तधान्याकडे पाहावे. प्रत्येक दाण्याचा कोंब निराळा, उंची निराळी, पण नवव्या दिवशी सारी मिळून एकच हिरवी दाटी होते आणि दसऱ्याला तेच तुरे आपण टोपीत खोवतो, देवाला वाहतो. माती सर्व दाण्यांना एकच मिळते. जगदंबेच्या अंगणातही तसेच असावे, अशी आमची तिच्या चरणी प्रार्थना आहे. ज्यांच्याजवळ पुष्कळ आहे त्यांना देण्याची बुद्धी होवो, ज्यांच्याजवळ थोडे आहे त्यांना संकोच न वाटो, आणि यंदाच्या नवरात्रात कोणाही माउलीचा पाय केवळ साडीच्या रंगापायी देवळाच्या पायरीवर न अडो.

॥ उदो बोला, उदो ॥